गाठ न सोडता

धारवाल्याची शिट्टी खालच्या वळणावर वाजली तेव्हा फेलिसितास कांदे सोलत होती. हात एप्रनला पुसून तिने घरातल्या सगळ्या सुऱ्या एका कापडात गुंडाळल्या आणि लगबगीने पायऱ्या उतरून ती रस्त्यावर आली. उद्या कोंबड्या कापायच्या, परवा रविवार, आणि सुऱ्या अशा बोथट की टोमॅटोसुद्धा दबून फुटावा. मासेदोनियो आला ते बरंच झालं, असं ती मनाशी म्हणत होती. किती दिवसांत तो गल्लीत दिसला नव्हता. टेकडीवरून धुकं खाली उतरलं होतं आणि त्यातून आधी गाडा दिसला. हिरवा रंग, पुढे पत्र्याचा कोंबडा, डाव्या पायाला तारेचा वेढा. तो वेढा मासेदोनियोने घातला तेव्हा पक्कड धरायला तीच उभी होती. गाड्यामागचा माणूस मात्र दुसराच निघाला. विशीतला कुणीतरी, कानात बाळी, आणि ओठांना मासेदोनियोची शिट्टी.

"हा गाडा कुणाचा रे?" तिने विचारलं.

"माझा, मावशी. परवाच घेतला. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्याने विकला. शिट्टी फुकट दिली त्याने."

त्याने हात पुढे केला आणि तिने सवयीने पहिली सुरी दिली. पोराने पायाने चाक फिरवलं, पातं आडवं धरलं, ठिणग्या उडाल्या, आणि तो आवाज ऐकूनच तिला कळलं की याला काही येत नाही. मासेदोनियोच्या हातात सुरी गेली की चाकाचा आवाज बारीक होत जायचा. हा नुसता खरवडत होता. राहू दे, असं म्हणून तिने सुरी काढून घेतली. तो म्हणाला, मावशी, अजून झाली नाही. ती म्हणाली, झाली तेवढी पुरे. बोथट सुऱ्या छातीशी धरून ती पायऱ्या चढू लागली आणि अर्ध्यात येऊन थांबली. दम लागला म्हणून नव्हे. गाडा विकला म्हणजे मासेदोनियो आता वाट बघत नव्हता. आणि तिने तर पुढच्या महिन्याचा रविवार त्याच्यासाठी राखून ठेवला होता.

हा रविवारांचा कारभार तिच्या गळ्यात पडला त्याची कथा वस्तीइतकीच जुनी. लिमा शहराच्या कडेच्या या वाळूच्या टेकडीवर चटयांच्या भिंती उभ्या करून सगळे राहायला आले त्याच हिवाळ्यात कुणाचं तरी लेकरू खडकावरून पडलं. कुणाकडेच काही नव्हतं. मग लेकराच्या आईने कोंबडीचे तुकडे मिरचीच्या वाटणात मुरवले, तळले, आणि शेजाऱ्यांनी आधीच तिकिटं घेऊन ते खाल्ले. पोयादा म्हणतात त्याला. आज मी तुझ्या दुखण्याची कोंबडी खाते, उद्या तू माझ्या दुखण्याची खा. पुढे वस्ती वाढली, दुखणी वाढली, दर रविवारी दोन-दोन ठिकाणी तेल तापू लागलं, आणि कुणाच्याच हाती धड काही पडेना. तेव्हा वस्तीने मिळून मदतमंडळ काढलं. कढया मंडळाच्या, ताडपत्री मंडळाची, कर्णा मंडळाचा. महिन्यात एकच रविवार, तो एकाच घराला, आणि त्याची तिकिटं सगळ्यांनी खपवायची. कुणाला द्यायचा ते मंडळाच्या प्रमुखाने ठरवायचं.

आधीचा प्रमुख डॉन अनानियास. माणूस तसा वाईट नव्हता, पण जिभेचे चोचले पुरवणारा. त्याच्या दारात कुणी भाजलेला गिनीपिग घेऊन गेलं की पुढचा रविवार त्या घराचा. शेवटी बायका भांडल्या, त्याला खाली बसवलं आणि फेलिसितासला उभं केलं. का, तर ती विधवा, पोरंबाळं नाहीत, कुणाचं घर भरणार आहे ही. पहिल्याच दिवशी तिने कर्ण्यावरून सांगून टाकलं की माझ्या दारात कुणी काही आणायचं नाही. अंडं नाही, पाव नाही, फूल नाही. आणि पाळलंसुद्धा. गरजू माणसाच्या घरी ती पाणीसुद्धा प्यायची नाही. लोक म्हणायचे, दोन्या फेली, म्हणजे आपल्या फेलीबाई, एकदम चोख. हे ऐकलं की तिला बरं वाटायचं. का वाटू नये? उभ्या आयुष्यात तिच्याबद्दल कुणी काही म्हणण्यासारखं दुसरं होतंच काय.

पण यंदाच्या हिवाळ्याने तिचं कंबरडंच मोडलं. खालचा सुताचा कारखाना बंद पडला, खोकला घराघरात शिरला, आणि सकाळी दार उघडावं तर बाहेर कुणी ना कुणी उभं. कुणी एक्स-रे उजेडाकडे धरून दाखवतंय, कुणी सदरा वर करून टाके दाखवतंय, कुणी काही न दाखवता नुसतं रडतंय. सगळ्यांचं खरं. खोटं बोलणारा एखादा असता तर किती सोपं झालं असतं, असं तिला वाटायचं. आणि तिकिटं परत येत होती. परवा शेजारच्या रुफिनाने तर तिकीट दाराच्या फटीतून आत सारलं आणि बाहेरूनच म्हणाली, फेली, राग मानू नकोस गं, आमच्याच चुलीवर सकाळपासून काही नाही. तिकीट विकायला कुणी गल्लीत शिरलं की पडदे ओढले जात आणि आतली पोरं दाबून गप्प केली जात. एकदा तिने हिंमत करून महिन्यात दोन रविवार दिले होते, तर दोन्हीकडे तळलेली कोंबडी उरली आणि दोन्ही घरांचं ऑपरेशन अडलं. म्हणून एकच. हा परवाचा रविवार लिसबेतचा होता. टेकडीच्या अगदी माथ्यावर राहणारी, कालपरवा आलेली पोर, आणि पाठीवर बांधलेल्या तिच्या बाळाच्या काळजाला भोक. त्याच्यावर कुणी बोट ठेवलं नसतं, कुणी ठेवलंही नाही.

सातुर्निनाने तरी कुठे ठेवलं. सातुर्निना, मासेदोनियोची बायको. दोघी चाकिकोचाच्या, डोंगरातल्या एकाच गावच्या. एकाच ओढ्यात पाय बुडवून बसायच्या, एकमेकींच्या उवा काढायच्या. सातुच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला फेलिसितास धर्ममाता झाली आणि त्या दिवसापासून रीतीप्रमाणे दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या, आणि मासेदोनियो तिचे कोम्पाद्रे. कोमाद्रे म्हटलं की मान आला. सकाळपर्यंत अगंतुगं करणाऱ्या दोघी संध्याकाळपासून एकमेकींना तुम्ही म्हणू लागल्या आणि पहिले काही दिवस तोंडावर हात ठेवून हसत राहिल्या. मुलगा पुढे खाणीत गेला तो गेलाच. मेलेल्या माणसाचे कपडे धुवायची रीत, तेव्हा त्याचे कपडे धुवायला दोघी बसल्या होत्या, आणि सदऱ्याची एक बाही हिच्या हातात, एक तिच्या. फेलिसितासला ते पाण्यातलं गार कापड अजून हाताला लागतं.

तर ही सातु गेल्या महिन्यात आली होती. फेलिसितास पायरीवर बसली आणि तो दिवस तिने मनात पुन्हा लावून पाहिला. अंगणात आणखी दोघी ताटकळत होत्या. सातु आत आली, स्टुलावर टेकली, टँकरच्या पाण्याला वास येतो म्हणाली, यंदा बटाटा किडका निघाला म्हणाली. मासेदोनियोचं पोट काही ठीक नाही, हेही त्याच सुरात म्हणाली. आणि मग शालीखालून एक फडकं काढून तिने टेबलावर ठेवलं. लाल पट्ट्यांचं, गावाकडचं, चारी टोकं वर घेऊन गाठ मारलेलं. आत उकडलेला मका असणार, त्याची वाफ फडक्यातून येत होती, आणि चीजही असणार. अंगणातल्या दोघींनी माना लांब केल्या. ते फेलिसितासने पाहिलं. खरं सांगायचं तर तिने त्या दोघींनाच पाहिलं, सातुकडे पाहिलंच नाही. हसत हसत तिने गाठोडं दोन्ही हातांनी उचललं आणि सातुच्या मांडीवर ठेवलं. नियम सगळ्यांना सारखा, कोमाद्रे, असं ती जरा मोठ्याने म्हणाली, बाहेर ऐकू जाईल इतकं. पुढचा नाही, पण त्याच्या पुढचा रविवार तुमचा, हे तिने म्हटलं की नुसतं मनात आणलं? आता कितीही आठवलं तरी ते शब्द काही आपल्या आवाजात ऐकू येईनात. सातुने मात्र काय म्हटलं ते ऐकू येत होतं. बरं कोमाद्रे, म्हणाली, थांबू की आम्ही. आणि गाठोडं शालीखाली घेऊन गेली.

ती पुन्हा आली नाही. फेलिसितासला तेव्हा चक्क हायसं वाटलं होतं. बाकीचे रोज येऊन रडत होते, ओरडत होते; आपलं माणूस निदान समजून घेतं, थांबतं, असं तिला वाटलं. आता थंड पायरीवर बसल्या बसल्या तिला त्या हायसं वाटण्याची शरम वाटली. आणि शरमेमागून दुसरंच काही वर आलं. वडील. चाकिकोचातलं त्यांचं घर, दारातली चूल, आणि आई गाठोडं बांधतेय. त्या साली पाऊस नव्हता आणि कालव्याची पाळी वरच्या शेतवाल्याकडे होती. वडील गाठोडं घेऊन पाण्याची एक पाळी मागायला गेले आणि अंधार पडायच्या आत परत आले. गाठोडं जसंच्या तसं हातात होतं, गाठ कुणी सोडली नव्हती. त्यांच्या गावात तोंडावर नाही म्हणायची रीतच नव्हती. गाठ सोडून एक घास खाल्ला की मागितलेलं द्यावंच लागायचं. गाठोडं तसंच परत दिलं की संपलं, मग त्या दारात मरेपर्यंत तो विषय पुन्हा काढायचा नाही. आईने मका पानात वाढला आणि कुणाच्याच घशाखाली उतरेना. वडील दुसऱ्यांदा गेले नाहीत. बटाटा उभाच्या उभा वाळला.

हे सगळं तिला माहीत होतं. विसरली असती तरी एक वेळ चाललं असतं, पण ती विसरली नव्हती. लिमातल्या प्लास्टिकच्या टेबलावर ठेवलेलं गाठोडं हेही तेच गाठोडं असतं, एवढंच तिच्या डोक्यात आलं नाही. नियम करताना तिच्या डोळ्यांपुढे डॉन अनानियास होता, त्याचे तेलकट ओठ होते. आपले वडील नव्हते. सातुने मात्र गाठ पाहिली असणार, न सोडलेली, आणि घरी जाऊन नवऱ्याला काही न बोलता मका पानात वाढला असणार. ते चित्र डोळ्यांपुढे आलं आणि फेलिसितास पायरीवरून उठली.

घरी येऊन तिने मका उकडायला ठेवला. कांदे तसेच पडून राहिले. मका शिजेपर्यंत ती चुलीपाशी उभी राहिली आणि काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत राहिली. लिसबेतला समजावीन, म्हणेन पोरी, तुझं बाळ महिनाभर थांबू शकतं. थांबू शकतं का? तिला काय ठाऊक. किंवा पुढच्याच आठवड्यात दुसरा रविवार घेऊ, घरोघर जाऊन पाया पडेन, पडद्याआडून ओढून काढीन एकेकाला. तिने मका, चीजचा तुकडा, थोडी मिरची फडक्यात बांधली, आणि काय मनात आलं कोण जाणे, सुऱ्याही पिशवीत टाकल्या. वरच्या आळीपर्यंतचा चढ ती कधी चढली ते तिलाच समजलं नाही.

सातुर्निना दारातच पोत्याला दोरी आवळत होती. मागे घर निम्मं रिकामं झालेलं. तिने मान वर केली आणि म्हणाली, या कोमाद्रे, पसारा आहे, सांभाळून. उद्या संध्याकाळच्या बसने गावाला निघतो आहोत, हे तिने टँकरच्या पाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. हळूहळू बाकीचं निघालं. दवाखान्याने ऑपरेशनची तारीख दिली होती, पण दोरे, औषधं, रक्त, सगळं बाहेरून आणायचं होतं. ते जमलं नाही आणि तारीख निघून गेली. दुसऱ्या तारखेला डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, आता उघडून उपयोग नाही. गाड्याचे पैसे बसला लागले. बोलताना ती पोत्याची दोरी आवळतच होती. आत पलंगावर मासेदोनियो भिंतीला टेकून बसला होता. एवढासा झाला होता. ढगळ स्वेटरमधून फक्त हात मोठे दिसत होते, चाकाने काळे पडलेले.

फेलिसितासने गाठोडं खोक्यावर ठेवलं. सातुने त्याच्याकडे पाहिलं आणि हात लावला नाही.

"मी नाही म्हटलं नव्हतं, कोमाद्रे," फेलिसितास म्हणाली. चढावर जुळवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं आणि एवढंच तोंडातून आलं.

सातु दोरी सोडून जवळ आली आणि हलक्या आवाजात, नवऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने, म्हणाली, "ठाऊक आहे गं मला. घरी येतानाच वाटेत कळलं होतं, तू नियमाचं बोलत होतीस. पण एकदा मागे आलेला हात पुन्हा पुढे होत नाही, फेली. मी दोनदा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते."

बाप्तिस्म्याच्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच सातुने तिला तू म्हटलं होतं. रागाने म्हणाली असती तर फेलिसितासला सोसलं असतं. रागाचा तिथे मागमूस नव्हता.

"काय कुजबुजताय दोघी," मासेदोनियो आतून म्हणाला. "सातु, गाठोडं इकडे आण. गार होतंय ते."

सातु हलली नाही. म्हणाली, तुम्हाला सोसणार नाही. तो म्हणाला, मला काय सोसतं नि काय नाही ते मी बघतो, आण. शेवटी फेलिसितासनेच ते उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याची बोटं गाठीशी किती वेळ खटपट करत होती. मदत करायला दोघींपैकी कुणी पुढे झालं नाही, कारण गाठ ज्याने सोडायची त्यानेच सोडायची असते. टोकं सुटली, वाफ वर आली. त्याने मक्याचा एक दाणा उचलून तोंडात टाकला आणि गालात धरून ठेवला. गिळता येत नव्हतं, ते दिसतच होतं.

"आता बोला, कोम्पाद्रे बोलतोय," तो हसून म्हणाला. "गाठोडं घेऊन आलात म्हणजे काहीतरी मागायला आलात. गाठ सोडली मी. आता मला नाही म्हणता यायचं नाही. मागा."

तिने सातुकडे पाहिलं. सातुच्या चेहऱ्यावर आता भीती होती. तेव्हा फेलिसितासच्या ध्यानात आलं की आपण काय घेऊन आलो आहोत. थांबा, एवढं म्हटलं असतं तर तो थांबला असता. शब्दाचा पक्का माणूस. पोती सोडायला लावली असती, आणि या पत्र्याखाली, या ओल्या धुक्यात, न होणाऱ्या ऑपरेशनची आणि न खपणाऱ्या तिकिटांची वाट बघत इथेच गेला असता. आणि ती मात्र म्हणू शकली असती, मी रविवार दिला होता. चोख राहिली असती. थांबा हा शब्द तिच्या जिभेच्या टोकाशी आलेला होता. तो तिने गिळला.

"सुऱ्यांना धार लावून द्या," ती म्हणाली. "परवा लिसबेतचा रविवार आहे. त्या तुमच्या गाडेवाल्या पोराला काही येत नाही."

मासेदोनियोने आधी ऐकून घेतलं, मग त्याचे डोळे बारीक झाले आणि तो खोकत खोकत हसला. "मी त्याला सांगत होतो, बाबा रे, कान देऊन ऐक चाकाला. तो फक्त ठिणग्या बघतो. दाखवा इकडे." त्याने एकेक सुरी अंगठ्याच्या नखावर ओढून पाहिली आणि काय हाल केलेत म्हणून तिला रागावला. चाक नव्हतं. त्याने सातुला मातीची थाळी मागितली, ती पोत्यातून उपसून काढावी लागली. थाळी मांडीवर पालथी घालून तो तिच्या बुडाच्या खरबरीत कडेवर पातं ओढू लागला, एक बाजू, दुसरी बाजू. थाळी हलत होती म्हणून सातुने ती दोन्ही हातांनी धरली. थोड्या थोड्या वेळाने थकवा आला की तो थांबायचा, डोळे मिटायचा, आणि पुन्हा सुरू करायचा. आवाज हळूहळू बारीक होत गेला. फेलिसितास खोक्यावर बसून राहिली आणि आपल्याला इतकं रडू येतंय तरी बरं वाटतंय, याचं तिला नवल वाटत होतं. गालातला दाणा त्याने अजून थुंकला नव्हता.

निघताना सातुने फडकं झटकून, घडी करून दिलं. रीत म्हणून रिकामं दिलं नाही. आत चिमूटभर मीठ बांधलं, कारण घरात तेवढंच बांधायचं राहिलं होतं. पुन्हा कोमाद्रे म्हणाली, तुम्ही म्हणाली. दारापर्यंत आली नाही.

शनिवारी दुपारी मंडळाच्या अंगणात बायका कोंबड्या घेऊन बसल्या. लिसबेत बाळाला पाठीवर झुलवत वाटण वाटत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना घाबऱ्या घाबऱ्या थँक्यू म्हणत होती. कोंबड्या ठरल्यापेक्षा कमीच आल्या होत्या. जेवढी तिकिटं परत आली तेवढ्या कमी. फेलिसितासने पहिली कोंबडी फळीवर घेतली आणि सुरी नुसती टेकवली तर सांधा सुटला. जोर लावावाच लागला नाही. शेजारी बसलेली रुफिना म्हणाली, बाई बाई, आज तुझी सुरी काय चालतेय. दोघी खाली मान घालून कापत राहिल्या. मग रुफिनाने आवाज उतरवला, हातातल्या तुकड्याकडे बघत म्हणाली, मासेदोनियो आज जातायत म्हणे गावाला. म्हणजे, तसं विचारू नये, पण पुढच्या महिन्याचा रविवार मोकळा झाला का गं? माझ्या थोरल्याच्या छातीचं तुला ठाऊकच आहे. विचारून झाल्यावर ती लाजेने लालबुंद झाली. फेलिसितासला तिचा राग आला नाही. आणखी किती जणी हेच विचारायला टपल्या असतील, कुणाला राग म्हणून दाखवायचा. हो, ती म्हणाली, मोकळा झाला.

तेवढ्यात खालच्या वळणावर शिट्टी वाजली. तेच तीन सूर, जरा चढे, जरा घाईचे. एरवी मासेदोनियो याच वेळी यायचा. पलीकडच्या बाजूला बसलेल्या एकीने, जिला काहीच माहीत नव्हतं, हात पुसले आणि ती उठली.

"आले बघ तुझे कोम्पाद्रे. दे गं फेली, सुऱ्या दे, धार लावून आणते."

"नको," फेलिसितास म्हणाली. "लावलेली आहे." आणि तिने पुढची कोंबडी फळीवर घेतली.